मागच्या बाकावर बाबा

प्रिय दादा,

झालं एकदाचं! काल माझ्या प्रबंधाची तोंडी परीक्षा पार पडली आणि आता तुझी बहीणही डॉक्टर झाली. तुझ्यासारखी सुया टोचणारी नव्हे, नुसती तत्त्वज्ञानाची. आज सकाळी जाग आली, परीक्षा संपल्याचं आठवलं आणि मी पुन्हा पांघरूण ओढून खुशाल झोपले.

गूढविद्येवर प्रबंध म्हटल्यावर विभागातले लोक विचारायचे, "आता हात बघून भविष्यही सांगणार का?" विभागप्रमुखांच्या मते हा विषय इतिहासवाल्यांचा, इतिहासवाल्यांच्या मते धर्मवाल्यांचा. आणि घरी बाबा! त्यांच्या गूढविद्येच्या मंडळाची बैठक अजून आपल्या पुढच्या खोलीत भरते, पडदे ओढून. ज्याने दीक्षा घेतली नाही त्याने मंडळाच्या ग्रंथांचा अभ्यास करणं म्हणजे चिरफाड, असं त्यांचं म्हणणं. मला दोन्हीकडून मार.

काल मात्र बाबा न सांगता येऊन मागच्या बाकावर बसले, कोट घालून, ताठ. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी मला चांगलं सोलून काढलं आणि शेवटी चष्मा काढून विचारलं, "हे सगळं खरं आहे, असं तुम्हाला वाटतं का?" हो म्हणावं तर विभाग हसणार, नाही म्हणावं तर बाबा दुखावणार. मी खरं तेच सांगितलं. "मला माहीत नाही. पण माणूस आतून बदलल्याशिवाय काही गोष्टी कळतच नाहीत, असं हे लोक म्हणतात. हा दावा ज्ञानाबद्दलचा आहे. तो तत्त्वज्ञानाने तपासायचा नाही, तर कुणी?" बाईंनी चष्मा परत चढवला. मग म्हणाल्या, "मला पटलेलं नाही. पण वाद घालण्यासारखं आहे." दादा, आमच्या विभागात याहून मोठी शाबासकी नसते!

बाबा जिन्यात थांबले होते. आता फटकारणार, असं वाटलं. तर म्हणाले, "मंडळात सगळे नुसत्या माना डोलावतात. आमचं म्हणणं इतक्या मनापासून कुणी तपासलंच नव्हतं." मग कठडा धरून तिथेच उभे राहिले. हळूच विचारलं, "त्यालाही एवढंच हवं होतं का गं?"

मी हो म्हटलं. तू कॉलेजात असताना भर बैठकीत "हे तुम्हाला कसं कळलं?" असं विचारलंस, तेव्हा त्यांना ती चेष्टा वाटली, आणि "विश्वास नसेल तर या घरात राहू नकोस" म्हणून ते मोकळे झाले, आणि तू घर सोडलंस. तुला खरंच जाणून घ्यायचं होतं, हे त्यांना काल त्या जिन्यात उमगलं. ते स्वतः लिहिणार नाहीत, तू ओळखतोसच. पण आज दुपारी तुझ्या खोलीच्या खिडक्या त्यांनी स्वतः पुसल्या, आणि आता दोनदा येऊन विचारून गेले, "लिहिलंस का?" लिहिलं, बाबा. ये रे, दादा.

तुझीच,
टकळी