बोहनी होऊ दे, म्हनला

आबा, तुमी जाऊन लई वर्सं झाली. हे तुमाला कोन वाचून दाखवनार न्हाय, तरी लिहायलेय.

धाराशिवातून आमी पत्र्याचा कूलर आनला. पानी भरलं, गार वारा सुटला, बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी लेक रांगत गेली, पत्र्याला हात लावला आन फेकल्यावानी उताणी पडली. रडंचना. म्या उचलून हलवलं तवा कुठं तिनं टाहो फोडला. हे म्हनले, "चप्पल घालून हात लावत जाऊ." रांगनाऱ्या लेकराला कुठली चप्पल घालू?

आज सकाळी कूलर रिक्षात टाकला, लेक काखंत घेतली, गेले दुकानात. दुकानदार उदबत्ती ओवाळत होता. "ए बाई, बोहनीच्या आधी माघारी माल? बोहनी होऊ दे, मंग बोल."

तवा तुमची आठवन आली. चांगली न्हाय आली. बेंबळीच्या बाजारातून तुमी कळशी आनली, ती गळाया लागली. माघारी घेऊन गेलो, तर बोहनी होईपोतर तुमी मला उन्हात हुभं केलं. मंग त्यो दुकानदार म्हनला, "पोरीनं आपटली असंल." तुमी त्याच्यासमोर मलाच इचारलं, "आपटलीस का गं?" वर त्याच्यासंगं हसलात. आबा, म्या आपटली नव्हती. आपल्याच पैशावर फुगलेल्या मानसाला तुमी हात जोडत होता. मला तुमची लाज वाटली, अजून वाटती.

तरी मी बसलेच, पायरीवर, कूलर शेजारी ठिवून. एक बाई कूलर बघायला आली. "काय गं, माघारी आनलास व्हय?"

"करंट मारतो. हिला फेकलं."

तिनं लेकीचा हात उलटापालटा करून बघितला आन गेली म्होरल्या दुकानात. मंग नवरा-बायकू आले. त्यांनी इचारलं, म्या सांगितलं, ते बी गेले. दुकानदार भाईर आला. "तोंड बंद ठिव!"

"म्या काय केलं? तुमच्या बोहनीचीच वाट बघायलेय."

"तुमच्या घरात अर्थिंग न्हाय. माल वरिजनल हाय."

"मंग इथं लावा. तुमच्याकडं असंल की अर्थिंग. खाली पानी वता, अनवानी हुभं ऱ्हावा आन लावा हात."

दात काढून हसला. हात काय लावला न्हाय. एवढा मोठा शेठ, पत्र्याला भ्याला! लेकराला मातर चालतंय.

शेवटी म्हनला, "ने दुसरा, जा." आन आमचा फडक्यानं पुसून म्होरं मांडाया लागला, इकायला.

"त्याची वायर कापा. माझ्यासमोर. आन पक्की पावती द्या."

"लई शिकलीस गं?"

"सातवी."

पक्कड घेतली, कापली वायर. पावती बी लिहिली, माझ्याकडं न बघता. मी बी त्याला राम राम घातला न्हाय.

हे लिहिलेलं पत्र पोस्टात टाकायचं न्हाय, डब्यात ठिवनार. तुमालाच सांगते. दुकानात एवढी बोलले, पन नव्या कूलरची पीन अजून बोर्डात घातली न्हाय. लेक घामाघूम होऊन झोपलीय. एका हातानं लिहायलेय, दुसऱ्यानं पुठ्ठ्यानं वारा घालायलेय. बटनाकडं हातच जाईना, आबा.