पिकअपचं चाक आणि माझं मोजणं

कोल्हापूर, मंगळवार, संध्याकाळ

आज मी जिंकले! आमचे हे गेले, त्यांच्या माघारी राहिलेल्या पिकअपला रुंद टायर घातल्यापासून वळणावर चाक आत घासायचं. माझा वसंता म्हणाला, "आई, विकूनच टाकू." यांची गाडी विकायची? म्हणून शाहूपुरीतल्या मिस्त्रींकडे नेली. चाकांमागे जाड लोखंडी चकत्या घातल्या की चाक बाहेर सरकतं.

मिस्त्री नट आवळत होते, मी मनात मोजत होते. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी क्रोशाचे टाके मोजायला शिकवलं, तीच खोड. आमचे हे गाडीचं चाक बदलायचे तेव्हाही मी फेऱ्या मोजायची. किती हसायचे! तेव्हा नट दहा फेऱ्यांत बसायचा. आज चारच?

"थांबा, मी मोजलंय, चारच फेऱ्या झाल्या. चकतीमुळे बोल्ट आखूड पडतायत."

"आक्का, ही काय क्रोशाची जाळी हाय व्हय?" म्हणत मिस्त्रींनी नट काढून पाहिला. मग म्हणाले, "व्हय की! वाटंत चाकच निसटलं असतं."

लांब बोल्ट घातले. कागलला जाऊन आलो, घासण्याचा आवाज नाही. वसंता विकण्याचं बोललाच नाही.

पण मला आठवतंय ते वेगळंच. शेवटच्या चाकाला मिस्त्री स्वतःच म्हणाले, "आक्का, मोजा की."

मी मोठ्याने मोजलं. दहापर्यंत.