दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं

३ मार्च

पोचले एकदाची. खोली वरच्या मजल्यावर आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसतो आणि वर टीचभर आभाळ. गादी कडक आहे, पण मी इथे झोपायला थोडीच आलेय! खालच्या हॉलच्या चारही भिंतींना जमिनीपासून छतापर्यंत रेकॉर्ड्स. सहा हजारांवर. सगळ्या चाळीसएक वर्षांपूर्वीच्या हार्डकोअर पंकच्या, म्हणजे धडाधड वाजवून ओरडून गायच्या गाण्यांच्या, आणि त्याही अशा बँडच्या की ज्यांची नावं त्यांच्या शेजाऱ्यांनाही ठाऊक नसतील. सहा आठवड्यांत या सगळ्याची यादी करायची. आंधळा मागतो एक डोळा, अशी माझी गत.

हे वेड मला मामाने लावलं. तो गेला तेव्हा बाकीच्या भाचरांनी घड्याळ घेतलं, सायकल घेतली. मी रेकॉर्ड्सचं खोकं उचललं. आई अजून टोमणे मारते.

मालकांना सगळे दादा म्हणतात. सत्तरीकडे झुकलेत, बोलतात इतकं हळू की कान पुढे करावा लागतो. हा माणूस रोज संध्याकाळी पाच वाजता कानठळ्या बसवणारी गाणी लावून डोळे मिटून बसतो, हे सांगून कोणाला पटायचं नाही. त्यांची बहीण, ताई, घर सांभाळतात. दुपारपासून चार वेळा त्यांनी मला ‘जेवलीस का’ विचारलं.

६ मार्च

काम म्हणजे नुसती चंगळ. कव्हरं हाताने चिकटवलेली, अक्षरं कात्रीने कापलेली. एका रेकॉर्डवर गाणारा मधेच खोकतो आणि तसाच पुढे गातो. पुन्हा रेकॉर्ड करायला वेळही नव्हता नि ऐपतही. मामा म्हणायचा, सफाईदार गाणं कोणीही ऐकेल, या पोरांनी घाईत जे सोडून दिलंय ते ऐक.

आज खिडकीजवळच्या कपाटात एकाच रेकॉर्डच्या एकशे एक्क्याऐंशी प्रती सापडल्या. बँडचं नाव ‘गंज’. हा दादांचाच बँड, हे ताईंनी भाजी निवडता निवडता सांगितलं. दादा गिटार वाजवायचे आणि गायची त्यांची सगळ्यात धाकटी बहीण. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. याच घराच्या तळघरात गाणी रेकॉर्ड केली, दोनशे प्रती काढल्या, कारखान्यातच प्रत्येकीवर हाताने आकडा घालून तिथूनच लोकांना धाडल्या. गाणी झाली त्याच दिवशी धाकटी घर सोडून गेली. ना पत्र, ना फोन. तेव्हापासून दादा एकेक प्रत शोधून विकत घेतायत. तिचा आवाज तेवढाच उरलाय.

ऐकून भाजीतला देठ माझ्या हातात तसाच राहिला.

९ मार्च

‘गंज’ लावली. काय आवाज आहे पोरीचा! भिंतीवर डोकं आपटावं तसा, आणि तरी एकही शब्द सुटत नाही. पण दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यावर सुई उडते आणि थेट मधल्या कागदावर जाते. दुसरी प्रत लावली. तिथेच उडते. बारा प्रती लावल्या, बाराही तशाच.

दादा म्हणाले, कारखान्यातला दोष. सगळ्याच प्रती तशा आल्या.

मी मान हलवली. पण बॅटरीच्या उजेडात रेकॉर्ड तिरपी धरून पाहिली तर ओरखडा आडवा, सरळ आणि खोल आहे. पट्टी धरून ब्लेड ओढावं तसा. कारखाना असली चूक करत नाही. ही माणसाच्या हातची आहे.

१२ मार्च

यादीची वही उघडली तर पहिली चाळीस पानं आधीच भरलेली. गोल, नेटकं अक्षर. ‘ग’पाशी येऊन थांबलंय. टेबलाच्या खणात मागे एक बायकी चष्मा मिळाला.

ताई म्हणाल्या, तुझ्याआधी कोणीच नव्हतं. वही दादांनीच लिहिली असेल. दादांना विचारलं तर ते चाचरले. म्हणाले, एक कॉलेजातली मुलगी होती, कंटाळून न सांगताच निघून गेली.

दोघांचं दोन तऱ्हेचं. आणि कंटाळून गेलेलं माणूस चष्मा विसरत नाही.

१५ मार्च

दादांच्या खोलीत यादीची वही ठेवायला गेले होते. टेबलावर एक ते दोनशे आकड्यांची यादी. बहुतेकांपुढे खूण. ४३ पुढे खूण नाही. तिथे माझ्या मामाचं नाव आहे, खाली माझं.

म्हणजे मला कामासाठी बोलावलंच नव्हतं.

आईला फोन केला. तिने सांगितलं, गेल्या महिन्यात एक हळू बोलणारे गृहस्थ मामाचं खोकं विकत मागायला आले होते. तिने भाचीचं आहे म्हणून हाकलून दिलं. खोक्याच्या तळापर्यंत मी कधी गेलेच नव्हते; ‘गंज’ आहे का बघ म्हटलं. आहे. ४३.

संध्याकाळी मन मोकळं केलं ते ताईंपाशी. दादांचा मला संशय येतोय, धाकटी बहीण पळून गेली नसावी, त्या गाण्यात काहीतरी आहे आणि ते दादा खोडून टाकतायत, असं सगळं सांगून बसले. ताईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, कोणाला बोलू नकोस, रेकॉर्ड इथेच मागव, टपाल मीच घेते.

टपाल त्याच घेतात. गेली चाळीस वर्षं.

१७ मार्च

पार्सलसाठी आईला चौकातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याचा पत्ता दिला. ताईंना का नाही सांगितलं, ते मलाच सांगता येत नाही. दोनदा विचारून झालंय त्यांचं, पार्सल निघालं का. आज जेवताना तिसऱ्यांदा.

दादा मात्र अवाक्षर काढत नाहीत. एकदाच, ताई स्वयंपाकघरात गेल्यावर, म्हणाले, आयुष्यात एकदा ते गाणं शेवटपर्यंत ऐकायचंय. टेप त्यांनी घाईघाईने छापायला पाठवली होती, ती परत आलीच नाही. डोळ्यांत पाणी आलं तसं त्यांनी तोंड फिरवलं.

खोटं रडणारा माणूस असं तोंड फिरवत नाही.

२० मार्च, दुपार

ऐकलं. दुरुस्तीवाल्याच्या दुकानात, भर दुपारी, रस्त्यावर रिक्षा वाजत असताना.

गाणं संपतं. वाद्यं थांबतात. कोणीतरी टपरीवर चहाला चला म्हणतं, पावलं जिना चढतात. टेप बंद करायची राहून गेलेली. मग कडीचा आवाज. मग लाकडावर थापा. आणि तिचा आवाज, आधी हसत, मग नाही.

ताई, पुरे झालं. ताई, दार उघड. ताई, आत हवा नाहीये.

मग रेकॉर्डच संपते.

दुरुस्तीवाला म्हणाला, हे लोक असली नाटकं करायचे. मी रेकॉर्ड त्याच्याचकडे ठेवली. दादांना घेऊन येते म्हटलं. त्यांनी हे ऐकायलाच हवं. निघते आता.

बहुतेक साडेचार

तळघर. गाताना दुसरे आवाज येऊ नयेत म्हणून केलेलं कपाट. आतून गाद्या ठोकलेल्या. दादा खाली काहीतरी शोधतायत, असं ताईंनी सांगितलं. मी आले. आत वाकून पाहिलं. मागून—

फोन वर राहिला. खिशात वही, पेन्सिल, बॅटरी.

ताई दाराशी बसून बोलल्या. आवाज तोच, जेवलीस का विचारणारा. बाबा आजारी होते, धाकटी रोज धिंगाणा घालायची. घटकाभर गप्प बसेल म्हणून कडी घातली आणि बाजारात गेले. परत आले तर— मग बाबांनी आणि मी निस्तरलं. दादाला काही कळू दिलं नाही. तो जगला नसता.

म्हणाल्या, तुझ्याआधीच्या मुलीलाही हे सगळं सांगितलं होतं मी. रेकॉर्ड कुठे आहे तेवढं सांग.

सांगितलं नाही. गेल्या.

नंतर

हवा जड. बॅटरी पिवळी पडली.

दादा आले. वर पावलं. पाच वाजले असणार. गाणी सुरू. इथे गादीतूनही जमीन हादरते. थापा मारून उपयोग नाही— दोन गाण्यांच्या मधे दोन-तीन सेकंद शांतता असते. तेव्हाच. मोजतेय.

मारली. पुन्हा गाणं.

मारली.

सुई उचलली. त्यांनी ऐकलं. दादांची हाक, जिन्याच्या तोंडाशी, पहिल्यांदाच इतकी मोठी, कसला आवाज गं. ताई तिथेच. पाइप वाजतोय म्हणाल्या. नळवाल्याला उद्या—

दादा थांबलेत. मी मारतेय, हात—

त्यांनी रेकॉर्ड उलटवली. ही मी परवाच यादीत लिहिली. या बाजूला सगळी गाणी एकाला एक जोडलेली. मधे जागाच ना—