हरणीचं वेत

विश्वजित,
आक्काचा आशीर्वाद. लिवायची रीत हाय म्हणून लिवते, मनापासनं न्हवं.

आबांनी जलमभर मेंढरांमागं कारवानी कुत्री पाळली. नर पिल्लाचं दूध सुटलं की ते लांबच्या मेंढक्याला द्यायचं आनि परत आपल्या मादीवर आणायचं न्हाई, ही त्यांची शिस्त. गेल्या दिवाळीत तू 'कर्नाटकातला जातिवंत नर' म्हणून आणलास, तो गाडीतनं उतरला आनि थेट गोठ्यामागच्या दगडी डोणीवर पाणी प्यायला गेला. डोणी कुठं हाय, ते त्याला कुणी दावलं न्हवतं. आपणच आटपाडीला दिल्याला, आपल्या हरणी कुत्रीचा ल्योक हुता तो. मी तवाच वळखलं.

बोलले न्हाई. दोन वर्सांनी तू घरी आलावतास, माझ्या हातचं जेवत हुतास. मी भाकरी थापत ऱ्हायले.

त्याच्यापासनं हरणीला पाच पिल्लं झाली. एकाची टाळू फाटल्याली, पिल्यालं दूध नाकातनं यायचं. ते दुसऱ्या दिशी गेलं. दोघांचं डोळं उघडलंच न्हाईत. डोळस दोन तू विश्रामबागला नेलीस आनि मोबाईलवर 'शुद्ध रक्त' म्हणून त्यांचं फोटू टाकलंस. आंधळी माझ्याकडं हायती. पाण्याला जाताना डोणीवर आदळत्यात.

सोमवारी मी हरणीला डॉक्टरकडं नेऊन तिची पिशवी काढून आणली. तू दर रविवारी फोन करून "हरणी माजावर आली का?" एवढंच इचारतोस. मी "अजून न्हाई" म्हणते. हे पत्र टाकलं तर तो फोनबी बंद हुईल. म्हणून टाकत न्हाई.

बनाक्का