आतून पडलेले पोचे

१७ नोव्हेंबर, रविवार

आलं बाई एकदाचं बिऱ्हाड! जालन्याहून टेम्पो भरून आणला. फुटली ती एकच बरणी, आणि तीही लोणच्याचीच फुटायची होती. बदलीचा आदेश आला तेव्हा मी नाक मुरडलं होतं, पण पदमपुऱ्यातलं हे घर बघून राग पळाला. तळमजल्यावर दोन खोल्या, पुढं ऐसपैस पोर्च. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, पण ते या शहरात कुणाला चुकलंय?

घरमालक रामकिसनराव वर राहतात. पूर्वी रस्त्यांची कंत्राटं घ्यायचे, आता गुडघे धरून बसतात. त्यांनी आधी नाव विचारलं, मग आडनाव, मग गाव. मी सगळं ठणकावून सांगितलं. ते भिंतीकडं बघायला लागले. त्यांची बायको भागूबाई, सोयगावची. तिनं माझ्या हातात किल्ली ठेवली नि म्हणाली, भाकरी गरम हाय, आधी जेवून घे.

आणि पोर्चमध्ये ताडपत्रीखाली काय, तर अॅम्बॅसेडर! गंजून चाळणी झालेली, चारी टायर जमिनीला चिकटलेले. मी आयटीआयला मोटार मेकॅनिकचा वर्ग शिकवते, पोरं मला टरकून असतात, पण ही गाडी बघून मीच पोरासारखी उड्या मारायला लागले. मागच्या काचेवर पिवळ्या रंगात लिहिलंय, ‘रूपा’. त्यांची एकुलती एक मुलगी. बरीच वर्षं झाली, एका पोरासोबत पळून गेली ती परतलीच नाही. भागूबाई म्हणाल्या, गाडी माझ्या बापानं लग्नात दिली, कागद माझ्या नावावर. ह्येंनी लई वेळा भंगारात घालतो म्हटलं, मी नाय म्हटलं. रूपा येईल तवा बसंल.

मी शब्द दिला. गाडी उभी करून दाखवते.

८ डिसेंबर, रविवार

सुट्टीचा दिवस गाडीचा. चेनपुलीनं इंजिन उतरवलं. म्हातारा वरून खेकसला की मढ्याला दागिने कशाला घालता. मी म्हटलं, मढं की काय ते मालकिणीला विचारा. भागूबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

माझा एक नियम आहे, गाडी करायची तर अस्सल. मूळचा पत्रा, मूळचं कुलूप, मूळचं नाव. हा टेप लाव, तो स्पीकर ठोक, असले चाळे मला खपत नाहीत. मूळचा रेडिओसुद्धा जागेवर आहे. त्याचं आवाजाचं बटण पूर्ण मोठ्यावर फिरवून ठेवलेलं, तिथंच गंजून बसलंय. कोण एवढ्या मोठ्यानं ऐकत असेल देव जाणे.

एक गोष्ट कळली नाही. डिकीच्या झाकणाला पोचे आहेत, पण बाहेरून आत गेलेले नाहीत. आतून बाहेर आलेत, लहान लहान, एकाच जागी दाटीनं. जॅक आदळला असेल. उद्या वर्गातल्या पोरांना कोडं घालते.

१९ जानेवारी, रविवार

गेल्या रविवारी डिकीचं झाकण हातोड्यानं सपाट केलं, लांबी म्हणजे पुट्टी भरली, घासून काचेसारखं केलं. चहा पिऊन परत आले तर लांबीला तडे, आणि पोचे होते तिथंच. झक मारली नि लांबी स्वस्तातली आणली, असं म्हणून पुन्हा सगळं केलं. बुधवारी पुन्हा तेच.

डिकीचं कुलूप उघडून धुतलं. आत हिरव्या बांगडीचा तुकडा निघाला. भागूबाईंना दाखवला तर त्या म्हणाल्या, आमच्यात हिरवी बांगडी लग्नातच भरतात, रूपानं कधी घातली नाय. रामकिसनरावांनी तो तुकडा माझ्या हातून हिसकला नि संडासात टाकला. कचरा म्हणे. एवढ्या गुडघेदुखीत जिना कसा पळत चढले!

२ मार्च, रविवार

आज भागूबाईंनी सगळं सांगितलं. पोराचं नाव बुद्धभूषण, आमच्यातलाच. वाळूजला कंपनीत होता, बजाजनगरात खोली. दोघांनी लग्न केलं, आणि आठवड्यात रूपा त्या खोलीतूनही नाहीशी झाली. बापानं केस टाकली ती त्या पोरावरच. पोरगं तुरुंगात बसून आलं. म्हातारा आजही सांगतो की तिनं त्यालाही सोडलं, मुंबईला गेली. मला अशी चीड आली! आडनाव ऐकून म्हातारा भिंतीकडं का बघत होता, ते आता कळलं.

आम्ही बोलत होतो तेव्हा डिकीत टकटक झाली. भरदुपारी. मी झाकण उघडलं. आत काही नव्हतं, भट्टीसारखी धग तेवढी तोंडावर आली. भागूबाई म्हणाल्या, उंदीर असंल. नि दोन पावलं मागं सरल्या.

६ एप्रिल, रविवार

इंजिन सुरू झालं! नाचायला हवं होतं. नाचले नाही.

पोचे वाढलेत. मी आता ठोकत नाही. तसाच रंग दिला. हातोडा मारला की आतून कुणीतरी उत्तर देतं. मी एकदा मारला तर आतून एकदा, दोनदा मारला तर दोनदा. लिहिताना हसू येतंय, पण हे हसू खरं नाही.

मागचं नाव पुसट झालं होतं, ते पिवळ्या रंगानं पुन्हा काढलं, होतं तसंच. भागूबाईंनी काचेला हात लावला नि रडल्या. वर खिडकी धाडकन बंद झाली.

२७ एप्रिल, रविवार

म्हातारा खाली आला. पैसे देतो म्हणाला, गाडी ने, आजच ने. मी विचारलं, भ्यालात कशाला? त्याचे डोळे डिकीवर.

अक्षय्य तृतीयेला, त्यांच्या आखाजीला, भागूबाई गाडीची पूजा करणार. आमच्या घरात असलं काही नसतं, पण गाडी त्यांची. नारळ म्हाताऱ्यानंच फोडायचा, असं त्यांनी ठणकावलंय.

३० एप्रिल, सकाळ

चूक माझी झाली. पण मला काय ठाऊक!

उन्हात राबायचं म्हणून नवा माठ भरून डिकीवर ठेवला होता, ‘रूपा’ या नावापुढं. प्यायला. दुसरं काही नाही. भागूबाई हळदी-कुंकू घेऊन आल्या नि किंचाळल्या. आज आखाजी, आज नवा माठ भरतात तो मेलेल्यांच्या नावानं. माझ्या जित्या लेकीपुढं का ठेवलास?

उचलायला गेल्या. माठ रिकामा. ओल नाही, ओघळ नाही, नुकता भाजून काढल्यासारखा कोरडा ठणठणीत.

माठ पोटाशी धरून त्या खाली बसल्या. म्हणाल्या, तहानली व्हती गं.

म्हातारा नारळ घेऊन उभा. म्हणाला, गळका असंल. काही नाही आत, हे दाखवायला त्यानंच डिकी उघडली, वाकला —

झाकणाला कुणाचा हात लागला नाही. माझा नाही. भागूबाई खाली बसलेल्या. झाकण पडलं नि म्हातारा आत होता. चप्पल तेवढी बाहेर.

दुपार

चावी माझ्या हातात. मी धावले होते. भागूबाई आडव्या आल्या. म्हणाल्या, आधी इचारू दे.

झाकणाला तोंड लावून त्यांनी विचारलं, माझी रूपा कुठं हाय? त्यानं सगळं सांगितलं, ओरडून ओरडून. खोलीतून उचलली. डिकीत घातली. पाचोडला बहिणीकडं डांबायची होती. बाजाराचा दिवस, ओळखीची माणसं, गाडी उन्हात उभी. ती ठोकत होती. लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून रेडिओ मोठा केला. मग गप झाली. त्याला वाटलं, आली अक्कल.

शेतातल्या विहिरीत टाकली.

भागूबाई रडल्या नाहीत. उठल्या. डिकीवरून पदर फिरवला, लेकराचं तोंड पुसावं तसा.

नंतर

ठोकतोय. नवे पोचे — माझ्या डोळ्यांदेखत — जुन्यांच्या शेजारी, मोठे. ठोक, म्हाताऱ्या, ठोक. हे मी लिहिलं? मी?

नाही. माणूस आहे. उघडायला हवं. दोनदा गेले. चावी भोकात जाते, फिरत नाही. आतून कुणीतरी उलटी धरतंय. म्हातारा विनवतोय, पण मला नाही. ‘सोड, रूपा’ म्हणतोय.

रेडिओ लागला. वायर जोडलेलीच नाही. पूर्ण आवाज. शेजारच्या गच्चीवरून कुणी ओरडलं, पूजा झाली का, पेढे कुठायत —

लिहिलं नाही तर किंचाळेन.

आता मुठीतली चावी आपसूक हलली. थंडगार. या उन्हात. वाटतं, या वेळी फिरेल. मलाच ठरवायचंय —

भागूबाई दारात. हात पुढं. चावी दे म्हणतात. मी विचारलं, उघडायला? मान हलवली. नाय. चावी शेतातल्या विहिरीत टाकते म्हणाल्या. पोरीला दाखवते.

ठोकणं मंदावलं. रेडिओ मोठा. मी चावी