काकाचा रकाना

१ मे, गुरुवार. सकाळी सहा.
आजपासून रोजनिशी. ऑफिसच्या डायरीत खरं लिहायची सोय नाही, म्हणून ही वेगळी.
मी प्रेमदास सेवा आडे. बालकल्याण ऑफिसचा क्षेत्र कार्यकर्ता, कंत्राटी. कळमनुरी तालुक्यातल्या त्रेचाळीस लेकरांच्या फायली माझ्याकडे. प्रत्येक फायलीत आईचं नाव आणि मामाचा नंबर. बाप, काका, आत्या हे रकाने कोरे. आता वरून पत्र आलंय की बापाकडच्या माणसांना लेकराच्या कामात आणा. मॅडमनी विचारलं, कोण करील? सगळे खाली बघत होते. माझा पेन पडला, तो उचलून मी उठलो, तर त्यांना वाटलं मीच उभा राहिलो. टाळ्या पडल्या. मग बसणं बरं दिसेना.
संकल्प: एका महिन्यात त्रेचाळीस काका.

२ मे. रात्री.
रुपावहिनीचा फोन. थोरला भाऊ हरिचंद जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून वहिनी पोरीला घेऊन माहेरी कनेरगाव नाक्याला असते. पोरगी पुजा पाचवी पास झाली. हिंगोलीच्या मुलींच्या निवासी शाळेत तिचा नंबर लागलाय. हुशार आहे, आमच्या घराण्यावर गेली.
जातीचा दाखला लागतो. त्याला आईकडचे कागद चालत नाहीत. बापाकडचा १९६१ च्या आधीचा पुरावा पाहिजे, आणि बापाकडच्या रक्ताच्या माणसानं वंशावळ लिहून शपथपत्र द्यायचं. आमच्या सगळ्या खानदानात असा कागद एकच. आमचा बाप १९५९ साली चार महिने शाळेत गेला होता, त्याचा उतारा. शाळेचं रजिस्टर वाळवीनं खाल्लं, त्यामुळे दुसरी प्रत निघत नाही. उतारा माझ्याकडे पेटीत, किल्ली माझ्या कमरेला. म्हणजे किती सुरक्षित.
१० जूनपर्यंत दाखल्याच्या अर्जाची पावती दिली तरी प्रवेश मिळतो. नाही दिली तर नंबर खालच्या पोरीला. वहिनीला म्हटलं, घरचंच काम, सोमवारी करतो.

५ मे, सोमवार.
अभियानाचं बॅनर करायला वारंगा फाट्यावर. फोटोत माझा चष्मा चमकला म्हणून परत काढला. वहिनीचं काम उद्या.

६ मे.
उद्या.

९ मे.
वंशावळीचा नमुना वाचला. वर आजा, खाली त्याची पोरं, त्यांच्या खाली त्यांची लेकरं. सही, शपथ, शिक्का. एकदा लिहिलं की लिहिलं. चहाच्या टपरीवर एका जाणकाराला सहज विचारलं की असा कागद उद्या दुसऱ्या कामाला पण चालतो का, उदाहरणार्थ वाटणीच्या. तो म्हणाला, न चालायला काय झालं.
जमिनीचा विचार माझ्या मनात आला नाही. हरिचंददादाच्या वाटणीचे अडीच एकर, विहिरीकडचे, हळदीचे. मनातसुद्धा आलं नाही. फक्त कागद घाईत करू नये, एवढंच.

१३ मे.
दादाच्या बाजूची नांगरटी करून घेतली. तीन वर्षं दोघांची शेती एकटा ओढतोय. माझी तकलीफ कोणाला दिसत नाही. सुनिताला हे बोललो, तर बायको असून म्हणाली, हळद विकताना तर तकलीफ दिसत न्हाई. तिला अभियान कळत नाही.

१६ मे. आखाडा बाळापूर.
पहिला काका सापडला. ग्यानबा नाव. पुतण्या दोन वर्षं मामाकडे, हा एकदाही गेला नाही. मी तासभर समजावलं. लेकराला बापाच्या घराची ओळख लागते, काका म्हणजे दुसरा बाप, वगैरे. मला स्वतःलाच भरून आलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "साहेब, पोराला दोन घास घालायला म्या न्हाई म्हनलं का? पर कागदावर सही म्हनलं की पोटात गोळा येतो. वावर हाय ना."
किती खालच्या पातळीची मनोवृत्ती. रिपोर्टमध्ये लाल पेनानं लिहिली.
बोलणं चालू असताना वहिनीचे दोन मिस कॉल. काकांच्या मुलाखतीत फोन उचलणं बरं दिसत नाही.

१९ मे.
मिस कॉल तीन. आता एकदम कागद हातात घेऊनच फोन करणार. रिकामा फोन काय करायचा.

२१ मे.
ठरलं. रविवारी २५ तारखेला आमच्याच तांड्यावर बाप-काका मेळावा. पन्नास खुर्च्या सांगितल्या. मी स्वतः मोठ्या कागदावर वंशावळ काढून दाखवणार. मॅडमना पंचवीस बापांचा फोटो पाहिजे. म्हटलं, चाळीस देतो.

२५ मे, रविवार. दुपारी.
तांड्यातलाच माणूस मी, पण लग्नाची तारीख बघायची राहून गेली. आज तीन वऱ्हाडं निघाली. सकाळी नऊलाच सगळे बाप, सगळे काका जीपमधून गेले. एक जीप थांबवून बॅनरपुढं फोटो काढला. नवरदेवही मध्ये आलाय. तो होणारा बाप, म्हणून धरायला हरकत नाही.
मेळाव्याला अकरा म्हाताऱ्या. त्यात आमची याडी, म्हणजे माझी आई नानीबाई, पहिल्या खुर्चीवर. कार्यक्रम रद्द करणार होतो, पण चहा झाला होता.
मी विचारलं, उदाहरणादाखल कोणाच्या घराची वंशावळ काढू? याडी उठली. म्हणाली, आपल्याच घरची काढ.
काढली. वर सेवा. खाली दोन फांद्या, हरिचंद आणि प्रेमदास. माझ्या खाली माझी दोन पोरं. इथं माझा हात थांबला. म्हटलं, तर ही अशी वंशावळ.
"हरिचंदच्या खाली काहून कोरं ठेवलं?"
मी याडीला म्हटलं, मार्कर सुकला.
म्हाताऱ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. मग याडीनं प्रश्नांचा सपाटा लावला. हा कागद कुठं द्यायचा? कळमनुरीला. कोण देऊ शकतं? बापाकडचं कोणीही, काका, आत्या, आजी. अंगठा चालतो का? चालतो. मी सगळी उत्तरं सविस्तर दिली. म्हातारीला या वयात शिकायची एवढी हौस. तेवढंच समाधान.

२६ मे.
रिपोर्ट पाठवला. उपस्थिती: उत्साहवर्धक. वंशावळीचा तो मोठा कागद पुढच्या मेळाव्यासाठी ठेवायचा होता, सापडत नाही. मार्करही नाही. खुर्च्यावाल्यानंच नेलं असणार. आजकाल कोणावर भरवसा ठेवावा.

२ जून.
आज पक्का निघणार होतो. गाडीची हवा गेली. मागच्या चाकाची. पुढच्या चाकात होती, पण एका चाकावर कळमनुरी होत नाही.

६ जून.
वहिनीचा फोन यायचा बंद झालाय. म्हणजे तिचं काम झालं असणार. मनावरचं ओझं उतरलं.
संध्याकाळी मात्र सुनिता म्हणाली, झालं असेल तर उतारा पेटीत कसा? मी म्हटलं, बघू. पेटी उघडली नाही. उघडून उगाच धूळ उडते.

९ जून, सोमवार. सकाळी अकरा. ऑफिस.
मॅडमनी नवीन केस दिली. हिंगोली तालुक्याची, पण काका माझ्या हद्दीत राहतो. कनेरगावच्या अंगणवाडी सेविका सुमनबाईंनी वर कळवलेली. फाईल उघडली.
बालिकेचं नाव: पुजा हरिचंद आडे. काका: प्रेमदास. शेरा: काकांना चौदा फोन केले, उत्तर नाही. उद्या मुदत संपते. घरभेट देऊन अहवाल सादर करावा.
मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. आडनाव वाचलं असावं. मी म्हटलं, आजच जातो. त्या म्हणाल्या, लांब नसेल.

सायंकाळी सात. तांडा.
घरभेट दिली. काका घरी होते. अहवालात आणखी काय लिहावं ते सुचलं नाही.
फोन न उचलण्याचं कारण, हा एक रकाना आहे. सायलेंट लिहिलं, खोडलं. कामाचा व्याप लिहिलं, खोडलं. ग्यानबाचं वाक्य आठवलं. ते मी लाल पेनानं लिहिलं होतं, पान क्रमांक अकरा. आज तोच पेन काढला आणि टोपण लावून परत ठेवला. मला माझीच लाज वाटली. हे फक्त इथं लिहितोय.
ठरलं. उद्या पहाटे उठून उतारा घेणार, नऊला कळमनुरीत पहिला नंबर माझा. विहिरीकडचं काय व्हायचं ते होवो.

१० जून, मंगळवार. पहाटे पाच.
पेटी उघडली. उतारा नाही.
सगळं घर उपसलं. सुनिता पडल्या पडल्या म्हणाली, ती पेटी सासूबाईच्या लग्नातली हाय. दुसरी किल्ली त्यांच्याकडं कायम असते. आणि सासूबाई काल दुपारीच यष्टीनं कळमनुरीला गेल्या, वहिनी आणि पुजा तिकडं येणार होत्या. सासूबाई मलाच सांगून गेल्या, तुमाला सांगू नको म्हन्ल्या. मुक्काम तुमच्या मावशीकडं.
म्हणजे काल मी घरभेट दिली तेव्हा घरात आजी नव्हती. अहवालात हे पण राहिलं.

दुपारी साडेतीन.
मॅडमचा फोन. पुजाची पावती हिंगोलीच्या शाळेत पोचली, प्रवेश झाला. आजीनं शपथपत्र दिलं, अंगठ्यानं. काकांची गरज पडली नाही, तेवढं लिहून केस बंद करा, म्हणाल्या. शिवाय अभिनंदन केलं. मेळाव्यातून शिकून कामाला लागलेली जिल्ह्यातली पहिली पालक म्हणून याडीचं नाव वर पाठवणार आहेत.

रात्री आठ.
तिघी घरी आल्या. पुजा माझ्या पाया पडली. केवढी उंच झालीय, मला माहीतच नव्हतं. मी वहिनीला म्हटलं, जमिनीचं काय ते आपण बसून बोलू. वहिनी म्हणाली, "भावजी, जमिनीचं मी कवा इचारलं? पोरीला शाळा पाहिजे व्हती."
मी जेवलो नाही. कोणी आग्रहही केला नाही.
याडीनं पिशवीतून मेळाव्याचा तो मोठा कागद काढला, चार घड्या घातलेला, आणि माझ्यापुढं ठेवला. शपथपत्र लिहिणाऱ्याला दाखवायला नेला होता म्हणे. वर सेवा, खाली हरिचंद आणि प्रेमदास. हरिचंदच्या खाली पुजानं स्वतःच्या अक्षरात नाव लिहिलंय, ठळक, निळ्या रंगात.
मार्कर माझाच होता. सुकलेला नव्हता.