अळणी भाकर

सोमवार, ३ मार्च

धाकटा शनिवारी तुरुंगातून सुटतोय. आईने चहा गाळता गाळता सांगितलं. "तुझा पाठचा भाऊ आहे गं, आणायला चल." म्हटलं, बेकरीत काम आहे. आहेच. गाडी तो चालवत होता — पिऊन. मागच्या सीटवर माझी लेक, माझी चिमणी झोपली होती. एवढंच लिहिते. रडू तेव्हापासून आलेलंच नाही.

मंगळवार, ४ मार्च

भट्टीतला ट्रे उघड्या हाताने धरला. भट्टीवाले मामा ओरडले, "अगं सोड! हात आहे की लाकूड?" बोटं लाल झाली. मला काही वाटलं नाही. हाय हाय मामांनीच केलं!

गुरुवार, ६ मार्च

चर्चचे पाळक आले. आईनेच बोलावलं असणार, तिच्या पोटात काही राहत नाही. त्यांनी वचन सांगितलं — देव दगडाचं काळीज काढून मांसाचं देणार. "विश्वास आहे ना?" म्हटलं, देव शब्दाला जागतो, ठाऊक आहे. पण माझ्याकडून काही होणार नाही. माफीबिफी त्यानेच बघावी. मी भांडायच्या तयारीत. पाळक म्हणाले, "बरं. त्यालाच बघू दे." आणि चहा प्यायले.

शनिवार, ८ मार्च

आला. वाळून काटकी झालाय. चपला हातात घेऊन दारातच उभा. "ताई, येऊ का?" मी प्रभुभोजनाची भाकर मळत होते — दर महिन्याला मीच करते. मान वर केली नाही. आईने त्याला दंडाला धरून आत ओढलं.

रविवार, ९ मार्च

आमच्या मंडळीत प्रभुभोजनाचा तुकडा आपला आपण घेत नाहीत. शेजारच्याला मोडून द्यायचा. आई महाबिलंदर! मुद्दाम कडेला सरकली आणि धाकट्याला माझ्या शेजारी बसवलं.

भाकर माझ्या हातात आली. माफी शोधली — नव्हती. चिमणीचे लाल बूट आठवले. बाक खोळंबला. देवाला म्हटलं, शब्द तू दिलायस, तूच निभाव. आणि मोडली. तुकडा भलताच मोठा निघाला.

त्याने घेतला. चावता चावता थांबला. "ताई... मीठ राहिलं."

खरंच की! अख्खी मंडळी डोळे मिटून अळणी चावत होती, बोलायची एकाची छाती नाही. माझ्या हातच्याला लहानपणापासून नावं ठेवणारा हाच एक. हसू आलं नाही. येता येता राहिलं.

सोमवार, १० मार्च

पुन्हा तोच ट्रे. मी केवढ्यांदा ओरडले! मामा धावत आले — "फार भाजलं का?" फार. पिठाच्या पोत्यावर बसले आणि चिमणीला हाका मारत रडले. बोटं अजून ठणकताहेत. देवा, ठणकताहेत!